‘किती दिवस?’ या प्रश्नाचं गणित

आजाराचं नाव कळलं की घरच्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: किती दिवस? वैद्यकात या दोन गोष्टी वेगळ्या मानतात. पहिलं निदान, दुसरा आजाराच्या पुढच्या वाटचालीचा अंदाज. हिपोक्रेटिसच्या नावावरचा या विषयाचा ग्रीक ग्रंथ नवव्या शतकात बगदादच्या हुनैन इब्न इसहाक यांनी अरबीत आणला. त्याचं नाव ‘तकदिमतुल मारिफा’, म्हणजे आगाऊ जाणणं. मी उर्दू शिकवतो, म्हणून हा शब्द मला जवळचा वाटतो. पण आगाऊ जाणणं आणि विधिलिखित या दोन गोष्टी एक नाहीत, हे एका आजाराच्या इतिहासातून नीट कळतं.

तो आजार म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. यात हाडांच्या मज्जेत पांढऱ्या पेशी बेसुमार तयार होतात आणि प्लीहा वाढते. १८४५मध्ये एडिंबरात जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिनमध्ये रुडॉल्फ विरशॉ यांनी ल्युकेमियाचे रुग्ण नोंदवले. १९६०मध्ये फिलाडेल्फियात या पेशींमधलं बिघडलेलं गुणसूत्र सापडलं. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते, हे शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७३मध्ये दाखवलं. कारण सापडलं, पण रुग्णाला सांगायचं काय?

१९८४मध्ये सोकल आणि सहकाऱ्यांनी युरोप-अमेरिकेतल्या ८१३ रुग्णांच्या नोंदींवरून एक सूत्र मांडलं. त्यात चारच गोष्टी होत्या: वय, बरगडीखाली प्लीहा किती सेंटिमीटर लागते, प्लेटलेटची संख्या आणि रक्तातल्या अपक्व पेशींचं प्रमाण. उत्तर ०.८पेक्षा कमी आलं तर धोका कमी, १.२च्या वर गेलं तर जास्त. कमी धोक्याच्या गटातले निम्मे रुग्ण सुमारे पाच वर्षं जगत, जास्त धोक्याच्या गटातले निम्मे अडीच वर्षं.

मग औषधच बदललं. २००१मध्ये अमेरिकेत इमॅटिनिबला मान्यता मिळाली. वेळेवर गोळी घेणाऱ्या अनेक रुग्णांचं आयुष्य इतरांइतकंच लांबलं. जुने आकडे खोटे नव्हते, पण ते जुन्या औषधांच्या काळाचे होते. २०१६मध्ये नवं सूत्र आलं. त्यातही त्याच चार गोष्टी आहेत, फक्त वयाचं वजन कमी केलं आहे. कारण आता बरेच रुग्ण या आजाराने नव्हे, तर दुसऱ्याच कारणांनी जात होते. शिवाय तीन महिन्यांच्या उपचारानंतर रक्तातल्या सदोष जनुकाचं प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली आलं का, हेही पाहतात. म्हणजे अंदाज एकदाच बांधून संपत नाही, तो रुग्णाबरोबर चालतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याच सूत्रात नाही: गोळीची किंमत. १ एप्रिल २०१३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या औषधाबाबत नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला आणि भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. रोज आयुष्यभर घ्यायची गोळी परवडते की नाही, यावरही पुढची वर्षं ठरतात.

म्हणून कुणी आकडा सांगितला तर घाबरण्याआधी डॉक्टरांना एवढं जरूर विचारावं: हा आकडा कोणत्या साली, कोणतं औषध घेणाऱ्या रुग्णांवरून काढला? आकडा गटाचा असतो. समोर बसलेला माणूस एकटा असतो आणि त्याचे उपचार आजचे असतात.