कुलाब्याचा पारा

अव्वल इंग्रजी कालखंडाच्या वाङ्मयेतिहासात बाळशास्त्री जांभेकर येतात ते 'दर्पण'कार म्हणून. ६ जानेवारी १८३२ ही तारीख विद्यार्थ्यांना पाठ असते. कुलाब्याच्या वेधशाळेचे संचालकपद काही काळ याच बाळशास्त्रींकडे होते आणि 'शून्यलब्धी' या नावाने त्यांनी कलनशास्त्रावर मराठीत लिहिले, हे मात्र तळटीपेत जाते. ही वाटणी मला मान्य नाही. मराठी गद्य घडत होते ते या कामांमधूनही.

वेधशाळा १८२६ची. १८४१पासून प्रा. ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली तेथे चुंबकीय व हवामानविषयक नियमित नोंदी सुरू झाल्या. त्यांच्या हाताखाली विशीही न गाठलेले केरो लक्ष्मण छत्रे होते. 'बाळमित्र'कार बापू छत्र्यांच्याच घराण्यातले, आणि पुढे टिळकांचे गुरू. नोंदींमध्ये वायुभारमापकाचा पारा होताच. मुंबईत तो दिवसातून दोनदा चढतो-उतरतो: सकाळी दहाच्या सुमारास वर, दुपारी चारच्या सुमारास खाली. पण चौपाटीवरून मलबार हिल चढून पन्नास मीटर वर गेले तरीही तो सुमारे साडेचार मिलिमीटर उतरतो. हवा बदलली की आपण वर आलो, हे पारा सांगत नाही. म्हणून निरनिराळ्या ठिकाणच्या नोंदी ताडून पाहायच्या तर आधी समुद्रसपाटीशी जुळवून घ्याव्या लागतात, आणि त्यासाठी उंचीचा नियम हवा.

विहिरीत प्रत्येक हाताला पाण्याचा दाब सारखाच वाढतो. हवेचे तसे नाही. ती दबते, तळचा थर वरच्यांच्या भाराने दाट होतो, वरचा विरळ राहतो. त्यामुळे एका पायरीला दाब किती घटेल हे त्या पायरीवर मुळात किती दाब आहे यावर ठरते. समुद्रसपाटीला पारा ७६ सेंटिमीटर, साडेपाच किलोमीटरवर सुमारे ३८, अकरावर १९च्या आसपास. हॅलीने १६८६ मध्ये हा संबंध मांडला. उंची गणितश्रेढीने वाढते, दाब भूमितिश्रेढीने घटतो. आज यालाच घातांकी फल म्हणतात. (सर्व थरांत तापमान सारखे धरले, तरच हे नेमके खरे; म्हणून वायुभारमापकाशेजारी तापमापक लागतोच.) 'लीलावती'तला श्रेढीव्यवहार शिकलेल्या शास्त्र्याला यातले गणित परके वाटण्याचे कारण नव्हते.

अडचण होती ती वाक्याची. 'जसजसे वर जावे तसतसा दाब कमी होतो' हे मराठी वाक्य निर्दोष आहे आणि अपुरेही. विहिरीतून वर येणाऱ्यालाही ते लागू पडते. आपली लाडकी 'जसजसे-तसतसे' जोडी दिशा सांगते, प्रमाण सांगत नाही. 'दर वेळी तितकाच' आणि 'दर वेळी उरलेल्याचा तितकाच भाग' हा भेद शब्दांत आणायचा तर वाक्याची बांधणीच बदलावी लागते. निबंध आणि वृत्तपत्र यांवरूनच त्या काळच्या गद्याची प्रगती मोजणारे आपले अभ्यासक हा श्रम हिशेबात धरत नाहीत. केरूनानांची 'ग्रहसाधनाची कोष्टके' (१८६०) वाङ्मयेतिहासात ज्योतिषाच्या खात्यावर टाकली जाते, ती याच सवयीने.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले. चुंबकसूची विचलित होणार म्हणून चुंबकीय वेध अलिबागला, केरूनानांच्या नागावाशेजारी, हलवले गेले. पाऱ्याला विजेची बाधा नव्हती. दाबाच्या नोंदी कुलाब्यातच होत राहिल्या.