उपडा तांब्या

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले, की घरातल्या मुलांनी एक प्रयोग अवश्य करून पाहावा. बादली काठोकाठ भरावी, रिकामा तांब्या उपडा धरावा आणि सरळ खाली दाबावा. कोणी खालून ढकलत असावे तसे हाताला जाणवते. तांब्या तळाला टेकला तरी आत पाणी शिरत नाही; शिरलेच तर काठाशी जरासे. मात्र तांब्या किंचित कलला की भडभड करून बुडबुडा उसळतो आणि तोंडावर पाणी उडते. वडीलमाणसे रागावली तर त्यांना सांगावे, की पाण्याखाली श्वास घ्यायला माणूस कसा शिकला त्याची सुरुवात या तांब्यात आहे.

मला हा प्रयोग यंदा एका माउलीसाठी करावा लागला. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त इंग्लंडात लेस्टर शहरी गेला आहे. त्याची आई एके दिवशी शाळा सुटायच्या वेळी व्हरांड्यात येऊन उभी राहिली.

"सर, पोरगं तिकडं पाण्यात उतरतंय म्हणं. पाठीला लोखंडी नळा बांधून. खरं हाय का?"

खरे होते. पोराने ते मला कळवले होते, आईला नव्हते. आणि ते न कळवण्याचे कारण साऱ्या गावाला ठाऊक होते. या बाईचा धाकटा भाऊ विहिरीत गेला. पाइपाचा फुटव्हॉल्व्ह गाळात अडकला म्हणून भर दुपारी एकटाच बुडी मारून काढायला उतरला, तो वर आलाच नाही. तेव्हापासून तिने आपल्या मुलाला विहिरीच्या कठड्याशी फिरकू दिले नाही. बरोबरीची पोरे पाठीला डबा बांधून पोहायला शिकली, मुटके मारू लागली, आणि हा काठावर त्यांचे कपडे सांभाळीत बसला. असा मुलगा परमुलखात जाऊन थंड पाण्याच्या तळाशी उतरतो, याचे मलाही नवल वाटले. मी तिला पायरीवर बसवले आणि शाळेच्या हौदाशी तांब्या घेऊन गेलो. तिला जे तुटक तुटक सांगितले, तेच इथे जरा सविस्तर मांडतो.

आमच्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही, आणि पाऊस आला तर आला. म्हणूनच की काय, पाण्याशी आमचा संबंध खोलीतला आहे. सिंधुदुर्गातला माणूस पाण्याकडे समोर पाहतो, आम्ही वाकून खाली पाहतो. बीड शहराजवळची खजाना बावडी पाहावी. मूर्तिजा निजामशहाच्या अमदानीत, १५८२ च्या सुमारास, जहागीरदार सलाबतखानाने ती बांधवली, आणि राजा भास्कर नावाच्या कारागिराने जमिनीखालून कालवे आणून ती जिवंत ठेवली. कंकालेश्वराचे देऊळ तर पाण्यातच उभे आहे. असल्या मुलखात पोहणे म्हणजे विहीर, आणि विहिरीचा धर्म एकच: दम धरा. उडी मारण्याआधी छाती भरून घ्यायची, तोंड मिटायचे आणि तळाची मूठभर माती आणून दाखवायची. ज्याचा दम मोठा तो गडी पट्टीचा.

दमाला मर्यादा असते. ती ओलांडायची तर श्वास बरोबर न्यायला हवा, आणि तो नेण्याचे पहिले साधन म्हणजे आपला उपडा तांब्या. धूमकेतूमुळे ज्याचे नाव घरोघर झाले, त्या एडमंड हॅलीने १६९१ मध्ये माणसे आत बसतील एवढी मोठी घंटा पाण्यात सोडली. शिसे लावून जड केलेल्या पिंपांतून तिला खाली ताजी हवा पुरवण्याची युक्ती त्याने काढली आणि पाच साथीदारांसह थेम्स नदीत साठ फूट खोल दीड तासावर बसून दाखवले. पण घंटेत बसलेला माणूस बसलेलाच राहतो. त्याला चालायचे असेल तर तांब्या डोक्यावरच घालायला हवा. ते काम ऑगस्टस सीबे या कारागिराने केले. हाही परमुलखातलाच, जर्मनीतून येऊन लंडनला स्थायिक झालेला. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात त्याने पितळी शिरस्त्राण अंगभर पोशाखाला घट्ट जोडले. वरून पंपाने हवा यायची आणि नळीने खाली जायची. १७८२ साली बुडालेल्या 'रॉयल जॉर्ज' या युद्धनौकेचे अवशेष काढताना कर्नल पॅस्ली यांनी १८३९ पासून हा पोशाख वापरला. त्यांनी आणखी एक शिस्त घालून दिली: पाणबुड्यांनी जोडीजोडीने काम करावे. ही गोष्ट त्या माउलीला सांगताना मी मुद्दाम थांबलो नाही. पण तिने मान वर केलेली माझ्या लक्षात आली.

या जड पोशाखातल्या एका माणसाची हकीकत मला फार प्रिय आहे. इंग्लंडात विंचेस्टर येथे नऊशे वर्षांपूर्वीचे कथीड्रल, म्हणजे प्रधान ख्रिस्तमंदिर आहे. जुन्या गवंड्यांनी त्याची पूर्वेकडची बाजू दलदलीच्या मातीवर ओंडके अंथरून उभी केली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी भिंती खचू लागल्या. पाया बळकट करायला खणावे, तर खड्डा लगेच पाण्याने भरे. (आम्हां बीडकरांना या तक्रारीचा हेवाच वाटावा. आम्ही दहा परस खणतो आणि कपाळाचा घाम तेवढा आत पडतो.) पाणी उपसावे, तर त्याबरोबर माती वाहून भिंत आणखी खचायची. अखेर एका पाणबुड्याला बोलावले. त्याचे नाव विल्यम वॉकर. १९०६ पासून १९११ पर्यंत तो रोज सुमारे सहा तास त्या खड्ड्यांत उतरत होता. पाणी वीस फुटांपर्यंत खोल आणि गढूळ इतके, की दिवा नेऊन उपयोग नाही. सारे काम हाताने चाचपून. तळाच्या कंकरावर तो काँक्रीटची पोती मांडायचा, फाडायचा, वर दुसरा थर द्यायचा. तळ असा बंद झाला, की पाणी उपसायचे आणि मग गवंड्यांनी खाली उतरायचे. या कामी पंचवीस हजारांवर पोती लागली. पोशाख इतका जड आणि चढवायला-उतरवायला इतका कटकटीचा, की जेवायच्या सुट्टीत तो नुसते शिरस्त्राण काढून बसे. आणि शनिवार-रविवारी घरी जायचा तो सायकलवरून, क्रॉयडनपर्यंत!

या माणसाची पुढे गंमत झाली. १९६४ साली कथीड्रलमध्ये त्याचा लहानसा पुतळा बसवला, तो चुकून इंजिनियर साहेबांच्या चेहऱ्याचा निघाला. ती चूक २००१ मध्ये दुरुस्त झाली. पाण्याखाली काम करणाऱ्याचा चेहरा कोणी पाहिलेला नसतो, हेच खरे. वॉकर स्वतः १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत वारला.

वॉकर उथळ पाण्यात होता म्हणून सुखरूप राहिला. त्याहून खोल, दाबाच्या हवेत काम करणारे मजूर वर येताच सांधे धरून कळवळत, लुळे पडत, काही मरत. ब्रुकलिनच्या पुलाचा पाया घालताना मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः १८७२ मध्ये असाच अपंग झाला. पॉल बेअर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये कारण दाखवले: दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो आणि दाब एकदम कमी झाला की बुडबुडे होऊन सुटतो. जत्रेतला गोटीसोडा आठवावा. गोटी आत ढकलली की पाणी फसफसते. तेच हळूहळू उघडले असते तर फसफस झाली नसती. हळूहळू म्हणजे किती, हे जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी ठरवले, आणि ठरवले ते शेळ्यांवर. पोलादी खोलीत शेळ्या कोंडून हवेचा दाब वाढवायचा, मग उतरवायचा आणि पाहत राहायचे. जिला त्रास होई ती पुढचा पाय उचलून धरी. त्या उचललेल्या पायांच्या नोंदींतून १९०८ मध्ये कोष्टक निघाले: किती खोल गेलात, किती वेळ राहिलात, तर वर येताना कुठे किती थांबायचे. आज पाणबुड्याच्या मनगटावरचे यंत्र हाच हिशेब क्षणोक्षणी मांडते. मूळ हिशेब शेळ्यांच्या जिवावर शिकलेला आहे.

नळी तोडून मोकळे पोहण्याचे श्रेय झाक-ईव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां या फ्रेंच जोडीला जाते. दुसरे महायुद्ध चालू, फ्रान्स जर्मनांच्या टाचेखाली, पेट्रोल दुर्मिळ. गान्यांने मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एक झडप बनवली होती. ओढ लागेल तेवढाच वायू ती सोडी. हीच झडप माणसाच्या श्वासाला का लावू नये? १९४३ च्या जानेवारीत, ऐन हिवाळ्यात, पॅरिसजवळच्या मार्न नदीत कूस्तोने ती पाठीला बांधून पाहिली. आडवे पोहताना ठीक. उभे राहिले की हवा वाया जाई, उलटे झाले की मिळेना. दोघांनी हवा बाहेर सोडणारी झडप जागेवरून हलवली आणि दोष गेला. पुढे या साधनाला स्कूबा म्हणू लागले. तो मूळचा शब्द नव्हे. लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांची ती मोळी आहे.

आज आपल्याकडे मालवणजवळ तारकर्लीला पर्यटकही या साधनाने समुद्र पाहून येतात. तिथले पाणी ऊबदार. आमच्या विद्यार्थ्याची गोष्ट निराळी. लेस्टरलाही समुद्र नाही! तो जातो ती जागा म्हणजे स्टोनी कोव्ह, गावाजवळची दगडाची खाण. १९५८ मध्ये खाण थांबली, पंप बंद झाले आणि झऱ्यांच्या पाण्याने ती भरून गेली. खोली सुमारे पस्तीस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने वीस परसांच्या आसपास, कडेने टप्पे. म्हणजे पोरगे सातासमुद्रापलीकडे जाऊन अखेर विहिरीवरच पोचले.

मात्र विहीर विहिरीत फरक. जमिनीतले पाणी त्या प्रदेशाच्या वर्षाच्या सरासरी तापमानाशी जुळते असते. म्हणून आपल्याकडे पौषातल्या पहाटे विहिरीचे पाणी कोमट लागते आणि वैशाखात गार. तिथली सरासरीच दहा अंशांच्या घरात. हिवाळ्यात खाणीचे पाणी चार-पाच अंशांवर येते. असे पाणी अंगाला लागताच माणूस न कळत मोठा श्वास आत ओढतो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली उघडे असेल तर संपले. पुढे बोटे बधिर होतात, गाठ सुटत नाही. यावर अमेरिकेतले पदार्थवैज्ञानिक ह्यू ब्रॅडनर यांनी १९५१-५२ च्या सुमारास तोड काढली. ऊब राहायला अंग कोरडे असावे लागत नाही, कापडात वायूचे बुडबुडे कोंडलेले असले की पुरे. बुडबुड्यांच्या रबराचा तो पोशाख. आपल्या गोधडीचे मर्म तरी दुसरे काय आहे? थरांमध्ये अडकलेली हवा. अधिक थंडीत मान-मनगटाशी घट्ट बसणारा कोरडा पोशाख घालतात, आत लोकरीचे कपडे. आणि झडपही जपावी लागते. सायकलच्या ट्यूबची हवा सोडताना तोटी गार होते. तसेच टाकीतली हवा सुटताना झडप गारठते, बर्फ धरते आणि मग हवा थांबेनाशी होते.

त्याने हे सारे क्रमाने शिकले: आधी वर्ग, मग ऊन पाण्याचा तलाव, मग खाणीचा पहिला टप्पा. पण त्याने लिहिले होते, की थंडीपेक्षा कठीण गोष्ट दुसरीच निघाली. पहिल्याच दिवशी शिक्षकाने सांगितले: काहीही होवो, श्वास कोंडायचा नाही. आणि खाली काही अडचण आली की याचा श्वास आपसूक कोंडला जाई. पोहायला न मिळालेल्या पोराच्या अंगातही विहीर भिनलेली होती. काठावर बसून त्याने दहा वर्षे हेच पाहिले होते.

दोन्ही नियम खरे आहेत, आणि गुंता तिथेच आहे. विहिरीत उडी मारणारा वरची हवा घेऊन जातो. दहा मीटरांवर दाब दुप्पट होतो, छातीतली हवा आक्रसून निम्मी होते आणि वर येताना पुन्हा होती तेवढी. काही बिघडत नाही. पण टाकीवाला खालीच, त्या दाबाची हवा छातीभर घेतो. ती कोंडून वर आला तर तिची दुप्पट होणार, आणि फुप्फुस म्हणजे काही फुगा नव्हे. विहिरीत जो गुण तारतो तो तिथे मारतो. म्हणून वर येताना तो बुडबुडे सोडत सावकाश येतो.

मी हौदात तांब्या दाबून धरला होता. माउली खाली वाकून पाहत होती. मी तो जरा कलता केला, बुडबुडा उसळला, तिच्या पदरावर पाणी उडाले. तिने ते पुसले नाही.

"अन् सर, तो एकटाच उतरतो का?"

"नाही ताई. एकट्याने उतरायचे नाही असा शिरस्ता आहे. जोडीदार असतो. एकाची हवा संपली तर दुसरा आपली देतो."

"कोण हाय जोडीदार? नाव-गाव?"

मला माहीत नव्हते. मी तिच्यासमोरच त्याला निरोप धाडला, आणि आईला सारे कळले आहे हेही लिहिले. उत्तर रात्री आले. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी तिच्या दारावरून गेलो. ती रांगोळीसाठी अंगण सारवीत होती.

"जोडीदार एक बाई आहेत," मी सांगितले. "साठीच्या. तिथल्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका."

तिने शेणाचा हात तसाच हवेत धरला.

"मास्तरीण हाय व्हय?" ती म्हणाली. "मग ऐकत आसंल तिचं."