आधी भाकरीची सोय

सोमवारी वकिलांच्या घरी, मंगळवारी देवळाच्या पुजाऱ्यांकडे, बुधवारी आत्याच्या सासरच्या कुणा दूरच्या नातलगाकडे. एकोणिसाव्या शतकात पुण्याला शिकायला आलेल्या गरीब ब्राह्मण मुलाचे सात वार असे सात घरी लागलेले असत. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी चुरमुरे-फुटाणे, नाहीतर उपास. ज्यांना वार मिळत नसत ते माधुकरी मागत. दुपारी सोवळे नेसायचे, झोळी घ्यायची, ठरलेल्या घरांच्या दारात उभे राहून ‘ॐ भवति भिक्षां देहि’ म्हणायचे आणि भात, आमटी, पोळीचा चतकोर, जे पडेल ते घेऊन खोलीवर परतायचे. यजमानांकडे सुतक असो, बाळंतपण असो की घरचे सगळे गावाला गेलेले असोत, चिमटा बसायचा तो पोराच्या पोटाला.

गावाकडून शहरात येऊन शिकणाऱ्या मुलांचा इतिहास लिहिताना शाळा, परीक्षा आणि पदव्यांबद्दल भरपूर लिहिले जाते. पण शिकणाऱ्याच्या ताटात भाकरी कोण वाढत होते, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. उद्याच्या दिवसांची तयारी कुणाला करता येईल आणि कुणाला नाही, हे महाराष्ट्रात दीडशे वर्षे त्याच्या उत्तरावर ठरत आले.

त्या पिढीची जिद्द विलक्षण होती. कोकणातल्या मुरुडचा धोंडो केशव कर्वे हा सतरा वर्षांचा मुलगा सहावीची परीक्षा द्यायला सोबत्यांबरोबर कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्याला गेला. तिथे परीक्षकांनी त्याच्याकडे पाहिले, हा सतरा वर्षांचा दिसत नाही असे ठरवले आणि त्याला परत पाठवले. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे वडील लवकर वारले. थोरले भाऊ गोविंदराव शिक्षण सोडून पंधरा रुपयांच्या नोकरीला लागले आणि त्यातले आठ रुपये दरमहा धाकट्या भावाला कोल्हापूरला पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत घर चाले. आठ रुपयांत शिकणारा गोपाळ स्वतःचे जेवण स्वतः रांधी.

कऱ्हाडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर शिकत असताना एकाच सदऱ्यावर राहिले. रात्री तो धुऊन वाळत घालायचा आणि सकाळी पुन्हा अंगात चढवायचा. एम.ए. होण्याच्या सुमारास त्यांनी आईला पत्र लिहिले. मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील ही आशा धरू नकोस, पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ लोकांच्या कामाला द्यायचे मी ठरवले आहे, असा त्याचा आशय होता. ज्या माउलीने त्या पदवीकडे डोळे लावून गरिबी काढली तिला हे वाचताना काय वाटले असेल? आगरकरांनी मात्र शब्द पाळला. 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले, 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज. सोसायटीच्या आजीव सदस्याने पंचाहत्तर रुपये पगारावर वीस वर्षे काम करायचे, असा नेम होता. विद्यार्थिदशेत नाइलाजाने अंगवळणी पडलेली काटकसर या माणसांनी पुढे समजून-उमजून आयुष्यभर चालवली. सरकारी नोकरीतला मोठा पगार त्यांना नाकारता आला, कारण थोडक्यात भागवायचे कसे हे त्यांना आधीपासून ठाऊक होते.

मात्र वार आणि माधुकरी ही सोय जातीच्या उंबऱ्याशी थांबत असे. कुणब्याचा, धनगराचा मुलगा पुण्यात माधुकरी मागू शकत नव्हता. महाराच्या, मांगाच्या मुलाला तर ती आळीच बंद होती. बुद्धी असून, पायी घाट चढायची तयारी असूनही या मुलांना शहरात रात्र काढायला जागा नव्हती. अनाथ बालिकाश्रम निघेपर्यंत बहुतेक विधवा मुलींचेही तेच होते. कर्व्यांनी 1896 मध्ये तो काढला आणि पुढे हिंगण्याला नेला. तिथे शिकलेल्या पार्वतीबाई आठवले यांनी आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा केली आणि चाळिशी उलटल्यावर त्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून त्यांनी पोट भरले आणि इंग्रजी शिकण्याची धडपड केली. त्यांच्या या प्रवासावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

जेवणा-राहण्याची अडचण राज्यकर्त्याच्या नजरेने पाहिली ती कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. शाळा काढल्या तरी खेड्यातला मुलगा शाळेपर्यंत पोचणार कसा, हे त्यांनी ओळखले होते. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि त्याच वर्षी जैन बोर्डिंग. त्यामागोमाग मुस्लिम, लिंगायत आणि इतर समाजांची वसतिगृहे निघाली. 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग झाले. संस्थानाने जागा दिल्या, उत्पन्ने लावून दिली. एका लहान संस्थानाच्या राजधानीत इतकी वसतिगृहे तेव्हा दुसरीकडे क्वचितच असतील. वसतिगृहे जातवार होती, कारण वेगवेगळ्या जातींची मुले एका पंक्तीला बसवणे त्या काळात पालकांना रुचणारे नव्हते. महाराजांनी आधी मुले गावातून बाहेर काढली. पंक्ती एक करण्याचे काम पुढच्यासाठी उरले.

ते काम ज्याच्या हातून व्हायचे होते तो मुलगा तेव्हा कोल्हापूरच्याच जैन बोर्डिंगमध्ये राहत होता. भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म 1887 मध्ये कुंभोजला झाला. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले आणि परतल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला त्यांनी नकार दिला. त्यावरून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. शाळेतही त्यांचे फारसे जमले नाही. पुढे साताऱ्यात शिकवण्या केल्या, विम्याचे काम केले, किर्लोस्करांचे नांगर विकत गावे पालथी घातली. नांगर विकणाऱ्याला शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावे लागते, त्याच्या अडीअडचणी ऐकाव्या लागतात. पुढच्या कामाची खरी शिदोरी भाऊरावांनी या फिरतीतच बांधली.

4 ऑक्टोबर 1919 रोजी, विजयादशमीला, कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. आगरकरांचे टेंभू याच तालुक्यातले. 1924 मध्ये संस्था साताऱ्याला आली आणि तिथे सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले.

या बोर्डिंगचा स्वयंपाकघरातला रिवाज इथे सांगायलाच हवा. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, रामोशी, सगळी पोरे एकाच चुलीवरचे खात. पाणी भरणे, दळणे, भाकऱ्या थापणे, भांडी घासणे ही कामे पाळीने येत. ज्याच्या घरी आदल्या महिन्यापर्यंत विटाळ पाळला जाई, त्याला इथे दुसऱ्या जातीच्या मुलाने थापलेली भाकरी खावी लागे आणि आपली पाळी आली की त्याच्यासाठी थापावीही लागे. धान्य गावोगावहून मूठ-मूठ जमा होई. ते पुरले नाही तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. 1930 मध्ये त्या वारल्या. रयतच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला येणाऱ्या ओळी त्यांच्या त्यागापुढे फार थोड्या आहेत.

भाऊरावांनी दानावर सगळे सोडले नाही. दान आटते, दात्याचे मन बदलते, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून फीऐवजी श्रम, हा हिशेब त्यांनी मांडला. मुले माळरान फोडत, विहीर खणत, दगड वाहत, भाजीपाला पिकवत आणि त्या कामाच्या बदल्यात शिकत. ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र या कुदळ-फावड्यातून आले. 1940 मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले ते याच पायावर आणि 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेजही. वाराने जेवणाऱ्या मुलाला यजमानांच्या उपकाराचे ओझे वाहावे लागे. साताऱ्याच्या मुलावर तसे ओझे नव्हते, कारण त्याच्या ताटातली भाकरी त्याच्या घामाची होती. दोन्ही प्रथांमधला मोठा फरक हाच आहे, असे या लेखकाला वाटते.

ही तयारी कशासाठी चालली होती, हे त्या मुलांना तेव्हा नेमके सांगता आले नसते. 1935 मध्ये संस्थेने प्राथमिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण विद्यालय काढले आणि तिथून बाहेर पडलेले तरुण खेड्यापाड्यांतल्या शेकडो शाळांत गेले. स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये समूह विकास योजना आली आणि 1962 मध्ये महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. सहकारी साखर कारखाने उभे राहू लागले. मास्तर, ग्रामसेवक, कारखान्याचा हिशेबनीस अशा जागांसाठी खेडे ओळखणारा शिकलेला माणूस हवा होता. तो पश्चिम महाराष्ट्रात सापडला, कारण वीस-पंचवीस वर्षे आधीपासून कुणीतरी त्याच्या भाकरीची सोय लावून ठेवली होती. बोर्डिंगमध्ये वाढलेल्या पी. जी. पाटलांनी तर इंग्लंडला जाऊन बॅरिस्टरी केली. परतल्यावर ते शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू.

भाऊराव एकटे नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सभेने सोलापूरला वसतिगृह काढले. परळच्या चाळीतल्या एका खोलीत, घरचे निजल्यावर अभ्यास करून ते स्वतः शिकले होते. मुलाला पुस्तकाइतकीच निवांत जागेची गरज असते, हे त्यांना कुणी सांगायला नको होते. पुण्यात 1909 मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघाले. 1955 मध्ये अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापन केली आणि ग्रामीण भागातून येणाऱ्या मुलांची, पुढे मुलींचीही, सोय तिथे होऊ लागली. माधुकरीची झोळी याच काळात हळूहळू दिसेनाशी झाली.

9 मे 1959 रोजी भाऊराव गेले. आज पुणे विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेला त्यांचे नाव आहे. मुले-मुली ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत तासावर काम करतात आणि मिळालेल्या पैशांतून मेसचे बिल भागवतात. योजना चांगली आहे आणि दुष्काळी तालुक्यातून आलेल्या मुलीला तिचा आधार मोठा असतो. तरी साताऱ्यातली एक गोष्ट तिच्यात आली नाही. तिथे श्रमाचा मोबदला पैशांत हातावर पडत नसे, तो सगळ्यांच्या एका पातेल्यात जाई आणि ते पातेले चुलीवर चढवायची पाळी प्रत्येक जातीच्या मुलावर येई. निव्वळ तासांची मजुरी मोजणाऱ्या योजनेला हे साधणार नाही. वसतिगृहांच्या मेस ठेकेदारांच्या हाती देताना विद्यापीठांनी आणि संस्थांनी याचा विचार करायला हवा होता. तो अजूनही करता येईल.