ड्रेस्डेनचा कारखाना आणि 'हॅमर'चा मुहूर्त

पूर्व जर्मनीच्या अखेरच्या काळात, १९८८ साली, एक मेगाबिट क्षमतेची स्मृतिचिप ज्या ड्रेस्डेन शहरात घडली, तेथेच एकीकरणानंतर अमेरिकेच्या एएमडी कंपनीने 'फॅब ३०' हा कारखाना उभारला. सरकारी अर्थसाहाय्य हे त्याचे उघड कारण होते. परंतु जुन्या राजवटीने मागे ठेवलेला कसबी कामगारवर्ग हे अधिक टिकाऊ कारण मानावे लागते. पुढे टेक्सासमधील ऑस्टिनचा कारखाना फ्लॅश स्मृतीकडे वळवला गेला आणि इंटेलशी झुंजणाऱ्या कंपनीच्या प्रोसेसरांचा सारा भार ड्रेस्डेनवर आला.

याच एका कारखान्यातून 'हॅमर' कुळातील प्रोसेसर निघायचे होते. जुन्या ३२ बिटी आज्ञावली जशाच्या तशा चालवून शिवाय ६४ बिटी गणन करण्याची त्यांची रचना १९९९ मध्येच जाहीर झाली होती. मात्र सिलिकॉनच्या पातळ थराखाली विद्युतरोधक ऑक्साइडचा पापुद्रा ठेवून गळती रोखण्याची नवी पद्धत अंगवळणी पडेपर्यंत मुहूर्त लांबत गेला. सर्व्हरसाठीचा ऑप्टेरॉन २२ एप्रिल २००३ रोजी आला, तर घरगुती संगणकांचा अॅथलॉन ६४ त्याच वर्षीच्या २३ सप्टेंबरला.

खरी अडचण मापाची होती. चिपा ज्या गोल चकतीवर, म्हणजे वेफरवर, कोरल्या जातात तिचा व्यास फॅब ३० मध्ये २०० मिलिमीटर होता. आधीच्या 'बार्टन' अॅथलॉनची चिप १०१ चौरस मिलिमीटरची असल्याने कडेचे तुकडे वगळूनही एका चकतीवर अडीचशेहून अधिक चिपा बसत. १९३ चौरस मिलिमीटरच्या अॅथलॉन ६४ च्या जेमतेम एकशे तीस. त्यांतही निर्दोष किती निघतात हा उताऱ्याचा प्रश्न उरतोच (साखर कारखानदारीतला हा शब्द येथे चपखल बसतो), कारण चिप जितकी मोठी तितकी धुळीचा एखादा कण तिच्यावरच पडण्याची शक्यता अधिक. एक मेगाबाइटऐवजी अर्ध्या मेगाबाइटची कॅश, म्हणजे चिपमधीलच जलद स्मृती, ठेवून कंपनीने लवकरच लहान आवृत्ती काढली, ती या हिशेबामुळेच असावी.

आखणीत एएमडी जिंकली, हे इंटेलने २००४ मध्ये तीच ६४ बिटी आज्ञारचना स्वीकारल्याने सिद्ध झाले. कारखानदारीत मात्र ती इंटेलच्या मागेच राहिली. ३०० मिलिमीटर चकत्यांचा 'फॅब ३६' ड्रेस्डेनलाच २००५ च्या ऑक्टोबरमध्ये उघडला आणि २००९ मध्ये तेथील सारे कारखाने ग्लोबलफाउंड्रीज या नव्या कंपनीकडे गेले.