रक्त आपले, नोंद कोणाची?

१३ ऑक्टोबर १९५६ रोजी 'नेचर' या विलायती विज्ञान-साप्ताहिकात व्हर्नन इन्ग्रॅम यांचा एक छोटा लेख छापून आला. सिकलसेलच्या रोग्याचे हिमोग्लोबिन निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा नेमके एका तुकड्यात वेगळे असते, हे त्यांनी केंब्रिजच्या प्रयोगशाळेत दाखवून दिले होते. दुसऱ्याच दिवशी नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली. त्या लाखोंपैकी कितीतरी जणांच्या रक्तात तेच हिमोग्लोबिन वाहत होते आणि त्यांना त्याची गंधवार्ताही नव्हती. हा योगायोगच; त्यातून कसलाही गूढ अर्थ काढण्याचे कारण नाही.

१९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलवरचे निष्कर्ष लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये मांडले. आपल्या माणसांचे रक्त असे लंडनच्या पानावर पोचले. ज्यांनी हात पुढे केला, त्यांच्या वस्तीत ते पान किती वर्षांनी आले? की आलेच नाही?

आजची रामदासपेठ म्हणजे दवाखान्यांची पेठ. भंडारा-गडचिरोलीकडून आलेली एखादी आई पोराचे रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाकावर बसलेली असते. त्या पिशवीतल्या कागदांना विज्ञानाच्या व्यवहारात 'डेटा' म्हणतात. आईच्या लेखी तो पोराच्या दुखण्याचा हिशेब असतो.

या हिशेबातून काय निघू शकते, याचे उदाहरण नागपुरातच आहे. डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराने फार त्रासलेल्या ६० मुलांवर हायड्रॉक्सियुरियाचा प्रयोग केला. काहींना औषध, काहींना औषधासारखी दिसणारी निव्वळ गोळी. मात्रा कमी आणि ठरावीक होती : वजनाच्या दर किलोमागे रोज १० मिलिग्रॅम. वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची पाळी दोन्ही कमी झाल्या, असा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य देशांत मात्रा सोसेल तिथवर वाढवत नेतात आणि त्यासाठी वरचेवर रक्त तपासतात. मजुरी बुडवून एस.टी.ने येणाऱ्या माणसाला कमी मात्रा म्हणजे काय, हे सांगायला नको.

परंतु कोणत्याही छापील लेखात येतात त्या बहुधा सरासऱ्या. एकेका मुलाची ओळ, वजन, झटके, महिन्यामहिन्याचे रक्त, असा अख्खा तक्ता हाती असेल तरच दुसरा अभ्यासक तो पुन्हा तपासू शकतो, त्यातून वेगळा प्रश्न विचारू शकतो. जगात अशी सार्वजनिक कोठारे उभी राहिली आहेत. १९७१ साली प्रथिनांच्या रचनांचे कोठार सुरू झाले. सिकल हिमोग्लोबिनची रचनाही आज तिथे कुणालाही फुकट पाहता येते. जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेने २०१३ मध्ये 'झेनोडो' उघडले. त्याची संगणकीय संहिताही खुली आहे आणि प्रयोगाचा तक्ता तिथे ठेवायला पदवी विचारली जात नाही. आपल्याकडे सी.एस.आय.आर.ने २००८ मध्ये क्षयाच्या औषधासाठी खुल्या संशोधनाची मोहीम काढली. क्षयजंतूची सुमारे चार हजार जनुके पुन्हा वाचून नोंदवण्याच्या कामाला २०१० च्या सुमारास शेकडो माणसे लागली, त्यात महाविद्यालयातली पोरेही होती. हे मला फार महत्त्वाचे वाटते. रक्त देणारा समाज नोंदी तपासणारा, चुका दाखवणारा होऊ शकतो.

खरी अडचण पुढे आहे. तक्त्यात जातीचा रकाना ठेवायचा की नाही? काढून टाकला तर रोगाचा भार कोणावर पडतो हे झाकले जाते. उघडा ठेवला तर 'हा त्यांचा रोग' असे म्हणायला लोक मोकळे. वास्तविक हे जनुक हिवतापाच्या प्रदेशात टिकून राहिले, कारण त्याची एकच प्रत असणाऱ्याला हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. ते आदिवासींत आहे, इतर जातींतही आहे. शिवाय वीस घरांच्या टोल्यात वय आणि गाव एवढे लिहिले तरी मुलगी ओळखू येते आणि तिचे लग्न मोडते. नुसते नाव खोडून भागत नाही. माझ्या मते बाकी तक्ता खुला असावा आणि हा रकाना कुलपात. किल्ली मात्र एकट्या डॉक्टरांकडे नको, रुग्णांकडेही हवी.

ही मागणी अवास्तव नाही. दक्षिण आफ्रिकेतील सान लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. आमच्यात यायचे तर आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि काळजी या अटींवर या, असे तिच्यात बजावले आहे. आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठरले. एवढ्या नोंदी गोळा होत असताना ती संहिता मराठीत आणून रामदासपेठेतल्या त्या बाकावर ठेवायला हवी. चार-दोन पानांचीच आहे. नंबर लागेपर्यंत वाचून होते.