एका वर्षाचे चार अल्बम : १९५९ सालच्या जॅझ संगीताची ओळख

नाताळचा सण जवळ आला की वृत्तपत्रे व संगीतविषयक नियतकालिके सरत्या वर्षातील उत्तम अल्बमांच्या याद्या प्रसिद्ध करू लागतात. संगीताचे रसिकही आपापल्या वहीत तशीच यादी मांडतात. मात्र डिसेंबरमध्ये जे श्रेष्ठ वाटते ते पुढे पन्नास वर्षांनी कुणाच्या स्मरणात राहीलच, याची हमी नसते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही ताजे वर्ष न घेता काळाच्या कसोटीस उतरलेले एक वर्ष निवडले आहे. ते वर्ष म्हणजे १९५९, आणि संगीत अमेरिकेतील जॅझ.

अल्बम म्हणजे काय?

जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन ते पाच मिनिटांचेच संगीत मावत असे. मोठी रचना अनेक तबकड्यांवर विभागून, छायाचित्रांच्या वहीसारख्या बांधणीत विकली जाई. त्यावरून ‘अल्बम’ हा शब्द रूढ झाला. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ तबकडी बाजारात आणली आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत बसू लागले. जॅझचा प्राण म्हणजे उत्स्फूर्त वादन. त्याला ऐसपैस जागा मिळाली ती या तबकडीमुळे.

चर्चच्या वास्तूतील स्टुडिओ

आम्ही निवडलेल्या चार अल्बमांपैकी तीन एकाच छताखाली ध्वनिमुद्रित झाले. न्यूयॉर्कच्या ३०व्या रस्त्यावरील कोलंबिया कंपनीचा हा स्टुडिओ पूर्वी चर्च होता. वादक त्यास ‘द चर्च’ याच नावाने ओळखत. उपासनेसाठी बांधलेल्या त्या उंच छताखाली नाद असा काही घुमे की ध्वनिमुद्रणकारांनी त्या वास्तूत फारसे बदल केलेच नाहीत. हा स्टुडिओ १९८१ मध्ये बंद झाला व पुढे इमारतही पाडण्यात आली.

१. काइंड ऑफ ब्ल्यू – माइल्स डेव्हिस

२ मार्च व २२ एप्रिल १९५९ अशा दोन दिवसांत या अल्बमचे ध्वनिमुद्रण झाले व १७ ऑगस्ट रोजी तो प्रकाशित झाला. ट्रम्पेटवर स्वतः डेव्हिस, सॅक्सोफोनवर जॉन कोलट्रेन व कॅननबॉल ॲडर्ली, पियानोवर बिल इव्हान्स (एका रचनेत विंटन केली), डबल बेसवर पॉल चेंबर्स आणि ड्रम्सवर जिमी कॉब असा हा संच होता. त्यापूर्वीच्या जॅझमध्ये स्वरसंघात झपाट्याने बदलत आणि वादक त्यांच्यामागे धावत असे. डेव्हिस यांनी मोजक्या स्वरसप्तकांवर रचना बेतल्या आणि वादकांना त्यांत निवांत विहार करू दिला. एका रागाच्या स्वरांत रमणाऱ्या गायकाची ज्यांना सवय आहे, अशा आपल्या वाचकांना हे संगीत परके वाटू नये. गंमत अशी की पहिल्या दिवशी ध्वनिफितीचे यंत्र किंचित हळू चालत होते. परिणामी पहिल्या बाजूचे स्वर थोडे चढे ऐकू येत. ही चूक १९९२ च्या आवृत्तीत दुरुस्त झाली. तोवर तीन दशके रसिक चढ्या स्वरांवरच लुब्ध होते!

या अल्बमची दुसरी बाजू मात्र दुःखद आहे. प्रकाशनानंतर आठच दिवसांनी, २५ ऑगस्टच्या रात्री, ज्या बर्डलँड क्लबच्या पाटीवर डेव्हिस यांचे नाव झळकत होते, त्याच क्लबबाहेर ते उभे असताना पोलिसांनी त्यांना डोके फुटेपर्यंत मारले. एका गोऱ्या स्त्रीला टॅक्सीत बसवून ते तेथे थांबले होते. त्यांच्यावरील आरोप पुढे न्यायालयात टिकले नाहीत.

२. मिंगस आह अम – चार्ल्स मिंगस

मे १९५९ मध्ये मुद्रित झालेला हा अल्बम डबल बेसवादक मिंगस यांचा. पहिल्याच रचनेत टाळ्या व आरोळ्या ऐकू येतात. लहानपणी कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये ऐकलेल्या उपासनेचा तो पडसाद होय. ‘गुडबाय पोर्क पाय हॅट’ ही त्याच वर्षी १५ मार्च रोजी निधन पावलेल्या सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांना वाहिलेली श्रद्धांजली. ‘फेबल्स ऑफ फॉबस’ ही रचना आर्कान्सासचे गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांचा उपहास करते. १९५७ मध्ये लिटल रॉक येथील शाळेत नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळू नये म्हणून त्यांनी सशस्त्र पहारा बसवला होता. या अल्बमवर ती रचना केवळ वाद्यांवर आहे. तिचे बोचरे शब्द १९६० मध्ये दुसऱ्या एका छोट्या कंपनीच्या तबकडीवर आले.

३. द शेप ऑफ जॅझ टू कम – ऑर्नेट कोलमन

२२ मे १९५९ रोजी हॉलिवूड येथे मुद्रित झालेला हा अल्बम आमच्या यादीत सर्वांत कठीण. कोलमन पांढऱ्या प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन वाजवीत. त्यांच्या चौकडीत पियानो नव्हताच. स्वरसंघातांची ठरलेली चौकट त्यांनी मोडली व धून जिकडे नेईल तिकडे जाण्याची मुभा वादकांस दिली. त्या नोव्हेंबरात ते न्यूयॉर्कमध्ये वाजवू लागले तेव्हा काही वादक भारावले, तर काही संतापले. २००७ मध्ये याच कोलमन यांना संगीतासाठीचे पुलित्झर पारितोषिक लाभले. हा अल्बम प्रथम ऐकणाऱ्यांनी ‘लोनली वुमन’ या रचनेपासून प्रारंभ करावा.

४. टाइम आउट – डेव्ह ब्रुबेक चौकडी

१४ डिसेंबर १९५९ रोजी प्रकाशित झालेल्या या अल्बमचा भारताशी दूरचा संबंध आहे. १९५८ मध्ये अमेरिकन सरकारच्या वतीने ब्रुबेक यांनी पोलंड, तुर्कस्तान, भारत आदी देशांचा दौरा केला व मुंबईतही वादन केले. इस्तंबूलच्या रस्त्यावर ऐकलेल्या नऊ मात्रांच्या ठेक्यातून ‘ब्ल्यू राँडो आ ला तुर्क’ ही रचना स्फुरली. दोन-दोन-दोन-तीन अशी तिची विभागणी आहे. रूपक व झपताल ज्यांच्या कानांवरून गेले आहेत त्यांना ती सहज उमगेल. पाच मात्रांची ‘टेक फाइव्ह’ ही सॅक्सोफोनवादक पॉल डेस्मंड यांची रचना. १९७७ मध्ये मृत्यूपूर्वी त्यांनी तिचे मानधन अमेरिकन रेड क्रॉसला मिळावे अशी तजवीज केली.

चौकडीतील बेसवादक यूजीन राइट कृष्णवर्णीय होते. दक्षिणेकडील अनेक महाविद्यालयांनी त्यांच्याऐवजी गोरा वादक आणण्याची अट घातली. ब्रुबेक यांनी कार्यक्रम सोडले, पण सहकाऱ्याला सोडले नाही. पुढे एका कॅथलिक साप्ताहिकाच्या विनंतीवरून त्यांनी ‘टू होप!’ ही मिस्सा संगीतबद्ध केली आणि १९८० मध्ये कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. १९८७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे सॅन फ्रान्सिस्कोस आले तेव्हाही त्यांच्या स्वागताचे संगीत ब्रुबेक यांनीच रचले होते.

जे यादीत नाही

कोलट्रेन यांचा ‘जायंट स्टेप्स’ १९५९ मध्ये मुद्रित झाला, परंतु बाजारात आला १९६० मध्ये. यादी प्रकाशनाच्या वर्षाची असल्याने आम्ही तो नाइलाजाने वगळला. त्याच नोव्हेंबरातील ग्रॅमी सोहळ्यात वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा मान फ्रँक सिनात्रा यांच्या ‘कम डान्स विथ मी!’ला मिळाला. तो अल्बम गोडच आहे. तथापि अमेरिकेच्या ग्रंथालय-काँग्रेसने २००२ साठी राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-नोंदीची पहिली यादी केली, तेव्हा तीत ‘काइंड ऑफ ब्ल्यू’चा समावेश झाला.

आपल्या घरचा धागा

जॅझ आपल्या समाजास परका नाही. १९३० च्या दशकापासून मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझची पथके वाजत. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत स्वरलेखन व व्हायोलिन शिकलेले कॅथलिक वादक पुढे अशा पथकांत व चित्रपटसृष्टीत चमकले. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले आंतोनियो झेवियर वाझ, तसेच सेबॅस्टियन डिसोझा व अँथनी गोन्साल्विस ही त्यांतील ठळक नावे. चर्चमधील गायनवृंदासाठी गिरवलेले स्वर त्यांनी हिंदी चित्रपटगीतांच्या वाद्यमेळात आणले. पडद्यावरील श्रेयनामावलीत मात्र त्यांतील बहुतेकांची नावे आली नाहीत.

वाचकांस विनंती

आज मोबाइलवर एकेक गाणे सुटे ऐकण्याची सवय जडली आहे. आमची विनंती इतकीच की या सुटीत वरीलपैकी एक अल्बम पहिल्या सुरापासून अखेरच्या सुरापर्यंत, ठरलेल्या क्रमाने ऐकावा. ‘काइंड ऑफ ब्ल्यू’ला पाऊण तास पुरतो. त्यानंतर आपल्या या वर्षाची यादी अवश्य करावी. प्रत्येक अल्बमपुढे मुख्य कलावंताच्या जोडीने साथीदार वादकांचीही नावे लिहावीत. यूजीन राइट यांना मंचावरून दूर ठेवू पाहणाऱ्यांची नावे आज कुणी विचारत नाही. त्यांचा बेस मात्र ‘टाइम आउट’च्या प्रत्येक रचनेत ऐकू येतो.