कठीण पाण्यांतले जीव

सदाशिव पेठेंत माशांचा विषय काढणें थोडें धाडसाचेंच. परंतु प्रस्तुतचा प्रश्न पाकशास्त्राचा नसून इतिहासाचा आहे, एवढें सांगितलें म्हणजे वाचक पुढें वाचतील अशी आशा आहे. पेठेच्या टोकाशीं लकडी पूल आहे व त्याखालून मुठा वाहते. या नदीच्या इतिहासाचें एक प्रकरण असें आहे कीं, त्यांत तह नाहींत, लढाया नाहींत; तरी तें पेशवाईहून कितीतरी जुनें आहे.

१८२४ सालीं मुंबई सरकारनें विल्यम साइक्स या लष्करी अधिकाऱ्यास दख्खनची आकडेवार माहिती गोळा करण्याच्या कामीं नेमलें. गांवें व पिकें मोजतां मोजतां त्यानें भीमा, मुळा-मुठा या नद्यांतले मासेहि तपासले. त्याचा त्याविषयींचा निबंध १८४१ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्र-मंडळाच्या ग्रंथमालेंत छापून निघाला. कित्येक नव्या जातींच्या शास्त्रीय नांवांत त्यानें येथील बोलींतलींच नांवें घातलीं. खुद्री, कोळस, फुलंगी, शिंगटी हे शब्द नदीकांठच्या लोकांच्या तोंडून निघून असे जगाच्या शास्त्रग्रंथांत जाऊन बसले.

पुढें १९३८ सालीं डॉ. सुंदरलाल होरा यांनीं येथील एका लहानशा माशास पुण्याचेंच नांव दिलें: ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस. या माशाच्या छातीवर कातडीच्या बारीक वळ्या असतात. त्यांच्या योगानें तो खडकास चिकटतो व पावसाळी लोंढ्यांतहि वाहून जात नाहीं. याच वर्गांतले मासे हिमालयाच्या ओढ्यांतहि सांपडतात. मग मधलीं मैदानें ओलांडून हे सह्याद्रींत आले कसे? सातपुड्याच्या डोंगररांगेनें आले, असें होरा यांनीं सुचविलें. हें मत पुढें सर्वांनींच मान्य केलें असें नाहीं. तथापि मासा हाहि भूगोलाच्या इतिहासाचा एक कागद आहे, हें त्यांनीं अभ्यासकांच्या मनावर ठसविलें.

जी कसोटी येथें पाण्याच्या वेगानें घेतली, तीच दक्षिण ध्रुवाजवळ थंडीनें घेतली. तेथील समुद्र उणे १.९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड होतो. सामान्य समुद्री माशाचें रक्त त्याच्या आधींच गोठावयाचें. तरी त्या पाण्यांत मासे सुखानें नांदतात. आर्थर डीव्हरिस या अमेरिकन संशोधकानें १९६९ सालीं दाखविलें कीं, त्यांच्या रक्तांत एक विशेष द्रव्य असतें. तें हिमकणांस चिकटून त्यांची वाढ थांबवितें. १९९७ सालीं याहून नवल वाटावें असें कांहीं उघडकीस आलें. या द्रव्याचें जनुक अन्नपचनाच्या एका जुन्या जनुकाच्या तुकड्यांतून घडलें होतें. घरांतलें जुनें भांडें मोडून निसर्गानें नवें हत्यार घडविलें म्हणावयाचें! उत्तर ध्रुवाकडील कॉड माशांतहि जवळजवळ तेंच द्रव्य आढळतें, परंतु तें निराळ्या मार्गानें, स्वतंत्रपणें उत्पन्न झालेलें. दक्षिणेकडे इतर मासे टिकेनात, तेव्हां या एका कुळाला समुद्र मोकळा मिळाला व त्याच्या शंभराहून अधिक जाति झाल्या. कांहीं तळाशीं राहिल्या, कांहीं वरच्या पाण्यांत आल्या. कांहींच्या रक्तांतला तांबडा रंगहि नाहींसा झाला. अतिथंड पाण्यांत प्राणवायु विपुल विरघळतो, म्हणून त्यांचें निभावतें.

यावरून कठीण परिस्थिति जीवास घडविते, एवढाच बोध घेऊन थांबणें बरोबर नव्हे. ती त्यास आपल्याशीं बांधूनहि ठेविते. त्या ध्रुवीय माशांपैकीं कांहीं सहा अंशांच्या पाण्यांतहि मरतात. आपल्याला तें पाणी बर्फासारखें वाटेल. आणि पुण्याचें नांव धारण करणारा आमचा मासा? त्यास वाहतें, निर्मळ पाणी व स्वच्छ खडक हवा. धरणांनीं वेग अडविला, शहरानें आपलें सांडपाणी नदींत सोडलें. लोंढ्याशीं झुंजावयास शिकलेल्या जीवास सांचलेल्या घाणीशीं झुंजण्याची विद्या शे-दीडशें वर्षांत कोठून येणार? आज त्याची गणना नष्ट होण्याचा धोका असलेल्या जातींत होते.

सदाशिव पेठेंतच भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून जुनीं दप्तरें जपत आहे. कागद फाटला तरी त्याची नक्कल दुसरीकडे मिळण्याची आशा असते. नदींतला हा कागद एकदां गेला म्हणजे त्याची नक्कल कोणत्याहि दप्तरांत मिळणार नाहीं.